हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था आणि योजनेत नसलेले काम

केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींनी २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी दिलेला निकाल आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतो. संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे, पण घटनेची मूलभूत चौकट मोडण्याचा अधिकार नाही, हे त्यातील सूत्र आता नागरिकशास्त्राच्या पुस्तकांपर्यंत पोचले आहे. मुंबईच्या नानी पालखीवाला यांनी त्या खटल्यात केलेला युक्तिवादही लोकांच्या स्मरणात आहे. त्या मानाने कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, न्या. एच. आर. खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात डीटर कॉनराड या जर्मन कायदेपंडिताच्या विवेचनाचा आधार घेतला होता. कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिले आणि त्यात काही अडचणीचे प्रश्न विचारले. पुरेसे बहुमत आहे म्हणून संसद उद्या पहिला अनुच्छेद बदलून देशाचे दोन तुकडे करू शकेल काय? एकविसावा अनुच्छेद रद्द करून कोणालाही कायद्याच्या आधाराविना तुरुंगात टाकण्याची मुभा सरकारला देता येईल काय? भारतीय वकिलांना हे प्रश्न तेव्हा काल्पनिक वाटले असतील, पण कॉनराड यांच्यामागे वायमार प्रजासत्ताकाचा, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन लोकशाहीचा, अनुभव होता. १९३३ मध्ये त्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने स्वतःच्याच तरतुदींच्या वाटेने हिटलरच्या हाती सत्ता कशी जाऊ दिली, हे त्यांच्या पिढीला विसरता येणे शक्य नव्हते. हा विचार ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्यामार्फत १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात न्यायालयापुढे आला आणि सहा वर्षांनी केशवानंद निकालात रुजला.

हे कॉनराड हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत कायदा विभागाचे प्रमुख होते. या संस्थेविषयी लिहायचे बरेच दिवस मनात आहे. एक तर महाराष्ट्राचे तिच्याशी असलेले नाते आपण फारसे लक्षात ठेवलेले नाही. दुसरे म्हणजे, विद्यापीठातली एखादी संस्था कोणत्या हेतूने निघते आणि प्रत्यक्षात काय करून दाखवते यांतले अंतर इथे फार चांगले दिसते.

हायडेलबर्ग विद्यापीठ १३८६ सालचे, म्हणजे आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. दक्षिण आशिया संस्था मात्र १९६२ ची. जर्मनीत भारताचा अभ्यास त्याआधी दीडशे वर्षे चालू होताच. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांना बॉन विद्यापीठात १८१८ मध्ये जे अध्यासन मिळाले, त्यापासून जर्मन भारतविद्येची परंपरा मोजतात आणि तिच्या काही धाग्यांची टोके थेट पुण्यात येतात. मार्टिन हाउग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होते. त्यांच्यानंतर आलेले फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात पतंजलीच्या महाभाष्यावर काम करून पुढे ग्योटिंगेनला गेले आणि त्याच ग्योटिंगेन विद्यापीठाने रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. मात्र या सगळ्या परंपरेचा भारत मुख्यतः ग्रंथांतला भारत होता. पोथी जर्मनीत आणली, तिची चिकित्सक आवृत्ती काढली की अभ्यासकाचे काम झाले. त्या पोथीच्या गावात आज काय चालले आहे, हे विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि त्यांच्या शास्त्राच्या दृष्टीने तसे विचारण्याचे कारणही नव्हते. हायडेलबर्गमध्ये ही परंपराही मधेच खंडित झाली होती. हाइनरिख त्सिमर तेथे १९२४ पासून शिकवीत होते. नाझी राजवटीने १९३८ मध्ये त्यांना पदावरून दूर केले, ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले आणि १९४३ मध्ये तिथेच वारले.

१९६२ चा आरंभ वेगळ्या गरजेतून झाला. युद्धानंतर सावरलेला पश्चिम जर्मनी आता इतर देशांना मदत करण्याच्या स्थितीत आला होता. राउरकेल्याचा पोलाद कारखाना आणि मद्रासची आयआयटी ही त्या मदतीची आपल्याकडची दोन ठळक उदाहरणे. पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन येथे आर्थिक सहकार्याचे स्वतंत्र मंत्रालय १९६१ मध्ये स्थापन झाले. कारखाना उभारायला गेलेल्या जर्मन अभियंत्यांना तिथल्या समाजाची, कायद्याची, शेतीची आणि हवामानाची जाण नसते, हे राउरकेल्यात पुरेसे कळून चुकले होते. तेव्हा दक्षिण आशियाचा अभ्यास एकट्या भाषाशास्त्रज्ञांवर न सोडता, वैद्यक, शेती, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, मानववंशशास्त्र, इतिहास आणि भारतविद्या यांना एका छपराखाली आणावे, अशी कल्पना पुढे आली. तिच्या पुरस्कर्त्यांत इतिहासकार वेर्नर कोंत्से होते आणि धर्मशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म हान होते, जे पुढे बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याचे शिक्षणमंत्री झाले. संस्कृतचा प्राध्यापक, उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यासक आणि कृषिअर्थशास्त्रज्ञ यांनी एकाच संस्थेत बसायचे, आणि कार्यक्षेत्रही भारतापुरते न ठेवता पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका हे देश त्यात घ्यायचे, ही त्या काळच्या जर्मन विद्यापीठात फारच अपरिचित रचना होती.

अशा रचनेत सगळे एकत्र बसून एकच संशोधन करतील, अशी स्थापनेच्या वेळी अपेक्षा होती. तसे फार क्वचित होते. प्रत्येक प्राध्यापकाचा विभाग वेगळा, सहायक वेगळे आणि विषयाची निष्ठाही वेगळी. जर्मन विद्यापीठात प्राध्यापक म्हणजे स्वतंत्र जहागीरच. तरीही संस्थेने दोन गोष्टी अशा केल्या, ज्यांचा परिणाम टिकला. एक, दिल्लीत आपली शाखा उघडली. पुढे काठमांडू, इस्लामाबाद आणि कोलंबो येथेही शाखा झाल्या. दोन, आधुनिक भाषांचे अध्यापन संशोधनाइतकेच महत्त्वाचे मानले. हिंदीसाठी लोथर लुत्से होते, बंगाली कवी अलोकरंजन दासगुप्त अनेक वर्षे तिथे शिकवीत होते, आणि भारतविद्येच्या अध्यासनावर बसलेले हेर्मान बेर्गर हुंझा खोऱ्यातल्या बुरुशास्की या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करीत होते, जिचे कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. मानववंशशास्त्रज्ञ कार्ल येटमार यांनी काराकोरम महामार्गालगतच्या शिलाचित्रांचा आणि शिलालेखांचा अभ्यास सुरू केला. विकास मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने या कामांची यादी मागवली असती, तर यातले नेमके काय आपल्या उपयोगाचे, असा प्रश्न त्याला नक्की पडला असता.

इतिहास विभागात डीटमार रोदरमुंड १९६३ मध्ये आले आणि २००१ पर्यंत राहिले. हेर्मान कुल्के यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारताचा इतिहास आपल्या विद्यापीठांतही वापरला जातो. मला त्यांचे धनबादच्या कोळसाक्षेत्रावरचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. खाणी, त्यांच्याभोवतीची खेडी, जमीनदार आणि कुळे यांचा एकत्र विचार करणारा तो ग्रंथ १९७८ मध्ये निघाला आणि त्याचे सहसंपादक पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा होते. बिहारमधील जमीनविषयक कायदे वाचता वाचता वाधवांच्या लक्षात आले की, त्या राज्यात विधिमंडळाला बगल देऊन तेच ते अध्यादेश वर्षानुवर्षे पुन्हा काढले जात आहेत. १९६७ ते १९८१ या काळातल्या अशा २५६ अध्यादेशांचा हिशेब त्यांनी मांडला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. एका खाणक्षेत्राच्या इतिहासाचा संपादक आणि घटनात्मक खटल्याचा अर्जदार एकच असावा, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. जमिनीचा अभ्यास नेटाने करणाऱ्याला कायद्याच्या दप्तरापर्यंत जावेच लागते.

सत्तरच्या दशकातला ओरिसा प्रकल्पही याच संस्थेभोवती उभा राहिला. पुरीच्या जगन्नाथाची पूजापरंपरा आदिवासी दैवतांपासून राजसत्तेपर्यंत कशी पोचली, मंदिर आणि राज्य एकमेकांना कसे घडवीत गेले, हे आन्शार्लोट एश्मान, कुल्के आणि गयाचरण त्रिपाठी यांनी दाखवून दिले. प्रादेशिक राज्यांच्या घडणीचा विचार करताना या कामाला वळसा घालून जाता येत नाही.

आता गुंथर सोंथायमर यांच्याविषयी, कारण मराठी वाचकाला ही संस्था जवळची वाटावी याचे मुख्य कारण तेच आहेत. १९३४ मध्ये जन्मलेला हा माणूस मूळचा कायद्याचा अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंब ही कायदेशीर संस्था कशी विकसित झाली, या विषयावर त्यांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला. धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना देशाचार, कुलाचार, जातिधर्म असे उल्लेख वारंवार येतात. शास्त्रकार त्यांना मान्यता देतात, पण ते आचार नेमके कोणते, हे सांगत नाहीत. बहुतेक अभ्यासक तिथे थांबतात. सोंथायमर ते आचार शोधायला बाहेर पडले आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन पोचले. त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये आले.

या ग्रंथाची मांडणी भूगोलापासून सुरू होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा जो पट्टा आहे, तिथे शेती बेभरवशाची, पण मेंढपाळीला जागा मोकळी. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर मेंढरे तगत नाहीत. दिवाळीनंतर पूर्वेकडचे गवत संपले की कळप पश्चिमेकडे उतरतात. वाटेत कुणब्यांच्या रानात मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, असा हा व्यवहार. देवही याच वाटांनी चालतात. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा मूळचा सोनारीचा, भक्ताच्या मागोमाग इकडे आला, अशी कथा आहे. माझे आजोळ त्याच बाजूचे, त्यामुळे माघी पौर्णिमेच्या यात्रेतली पावसापाण्याची भाकणूक मी लहानपणापासून ऐकली आहे. पण देव गावात ‘आला’ या वाक्यामागे कळपांच्या स्थलांतराचा, गावठाण वसण्याचा आणि पाटलाशी झालेल्या समझोत्याचा इतिहास असू शकतो, हे मला सोंथायमर वाचूनच कळले. खंडोबाच्या दोन बायका, वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई, यांच्यातल्या भांडणांवर आपण जागरणात हसतो. सोंथायमर त्यात वस्ती आणि रान, बाजार आणि कळप या दोन जगांचे नाते वाचतात. रा. चिं. ढेरे यांचे संशोधन ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही दृष्टी परकी वाटणार नाही.

हिंदू धर्माचे पाच घटक त्यांनी सांगितले: ब्राह्मणांचे कार्य आणि शिकवण, संन्यासमार्ग, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. हे पाच वेगवेगळे कप्पे नसून प्रत्येक ठिकाणी कमीअधिक प्रमाणात मिसळलेले प्रवाह आहेत, असे ते म्हणत. मला ही विभागणी सर्वस्वी पटत नाही. भक्ती इतर चौघांच्या ओळीत बसवल्याने तिचे त्या चौघांना छेदून जाणे झाकले जाते, असे माझे मत आहे. पण ग्रंथ आणि रान या दोहोंचा अनुभव एकाच माणसाला असल्याशिवाय असा आराखडा सुचणे अवघड होते. हेनिंग श्टेगम्युलर यांच्याबरोबर त्यांनी वारीवर माहितीपटही केला. १९९२ मध्ये, साठीही गाठण्याच्या आत, ते वारले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा आणि धुळोबाच्या धनगरी ओव्या फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने २०१४ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आणल्या, म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा गेल्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी.

इथे संस्थेच्या रचनेतली एक मोठी उणीव दिसते. हायडेलबर्गमध्ये मराठी होती, ती सोंथायमर होते म्हणून. आज तिथे संस्कृतबरोबर हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, नेपाळी शिकता येतात. मराठीचे तसे कायमचे स्थान त्या यादीत राहिले नाही. भाषेचे पद एखाद्या व्यक्तीच्या आवडीवर उभे असेल, तर ती व्यक्ती गेल्यावर भाषाही जाते, आणि तिच्याबरोबर त्या प्रदेशात पुढे काम करू शकले असते असे दोन-तीन विद्यार्थीही जातात. यात केवळ जर्मनांना दोष देऊन भागणार नाही. तमिळसाठी, बंगालीसाठी त्या त्या समाजांनी आणि सरकारांनी परदेशी विद्यापीठांत वेळोवेळी जोर लावला आहे. आपण महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवापलीकडे फारसे गेलो नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ मध्ये दक्षिण आशियाचा विभाग काढला होता, पण या अभ्यासाला खरा पैसा आला तो सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यानंतर, १९५८ च्या संरक्षण शिक्षण कायद्यातून. १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन भारतविद्या संस्था सुरुवातीला पुण्यातूनच चालत असे. भारताने अमेरिकी गव्हासाठी रुपयांत दिलेल्या रकमेतून १९६२ पासून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तके खरेदी होऊ लागली. शिकागो किंवा फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयात साठ-सत्तरच्या दशकांतली दुर्मीळ मराठी पुस्तके सापडतात, त्याचे श्रेय त्या गव्हाला द्यायला हवे. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर केलेला प्रबंध, १९६९ चा, याच वातावरणातला. शीतयुद्धाच्या गरजेतून निघालेले ज्ञान दूषितच असणार, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि ‘ओरिएंटॅलिझम’ लिहिणाऱ्या एडवर्ड सैद यांच्यानंतर तो अधिक धारदार झाला. पैसा देणाऱ्याचा हेतू तपासलाच पाहिजे. पण झेलियट यांच्या प्रबंधातून पेंटागॉनच्या हाती काय लागले असेल, याची मला कल्पना करता येत नाही. जर्मनीतल्या संस्थेच्या पाठीशी लष्करी निकड नव्हती, विकासमदतीची होती, आणि तीही हळूहळू ओसरली.

ती ओसरल्याच्या खुणा संस्थेच्या विभागांत वाचता येतात. उष्ण कटिबंधातील आरोग्याचा अभ्यास वैद्यक शाखेकडे सरकला. शेतीचा विभाग आज यादीत नाही. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल टिकले. त्याच वेळी मानव्यविद्यांचे वजन वाढत गेले. आक्सेल मिखाएल्स यांच्या पुढाकाराने विधी आणि कर्मकांड यांवरील मोठा संयुक्त प्रकल्प २००२ पासून दहाएक वर्षे चालला. जर्मनीतल्या दक्षिण आशियाविषयक ग्रंथसंग्रहाची राष्ट्रीय जबाबदारी २००५ मध्ये ट्युबिंगेनकडून हायडेलबर्गकडे आली. माझ्या मते ही त्या दोन दशकांतली सर्वांत दूरगामी घटना आहे, कारण प्रकल्प संपतात आणि ग्रंथालय राहते. आशिया आणि युरोप यांच्या परस्परसंबंधांवरचा उत्कृष्टता प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ मध्ये दक्षिण आशिया संस्था शहरातल्या बेर्गहाइम भागात, जुन्या रुग्णालयांच्या आवारात, पूर्व आशियाच्या अभ्यासकांसह आशियाई आणि आंतरसांस्कृतिक अभ्यासाच्या नव्या केंद्रात आली.

या शेवटच्या वळणाविषयी माझ्या मनात दोन मते आहेत. संस्कृती बंदिस्त नसतात, वस्तू, कल्पना आणि माणसे त्यांच्यातून सतत वाहत असतात, हे नव्या अभ्यासाचे म्हणणे बरोबरच आहे. कॉनराड यांची कथाच त्याचे उदाहरण आहे. परंतु वाहणाऱ्या गोष्टींचा अभ्यास करणारा विद्यार्थी कोणत्याही एका ठिकाणी पुरेसा काळ राहत नाही, आणि इंग्रजीतल्या साहित्यावर त्याचे भागते, अशी भीती वाटते. सोंथायमर यांना धनगरी मराठी कळत होती, तीही वाड्यावर बसून ऐकण्याइतकी. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या मुदतीत ती कळत नाही. प्रकल्पाच्या अर्जात ‘अपेक्षित निष्पत्ती’ असा रकाना असतो. १९६५ मध्ये कॉनराड यांनी त्यात काय लिहिले असते?

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. हृदयनाथ कुंझरू आणि ए. अप्पादुराई यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये दिल्लीत निघालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ पासून आहे. गोखले संस्थेत एके काळी पूर्व युरोपीय देशांच्या अर्थव्यवस्थांचा अभ्यास होत असे. १९८९ नंतर त्या अर्थव्यवस्थाच बदलून गेल्या. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने आज नव्याने विचार केला, तर पश्चिम हिंदी महासागराचा प्रदेश मला सर्वांत स्वाभाविक वाटतो. मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, बेने इस्राएल लोकांचे कोकणाशी नाते अजून जिवंत आहे, पूर्व आफ्रिकेशी मुंबईचा व्यापार जुना आहे आणि आखाती देशांत आपली माणसे आजही जातात. त्यासाठी स्वाहिली, अरबी आणि फारसी यांची निवृत्तीपर्यंत चालणारी तीन पदे आधी निर्माण करावी लागतील, आणि विद्यार्थ्यांना मोंबासा किंवा मस्कत येथे निदान दोन वर्षे राहता येईल अशी तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल. इमारतीचा आणि उद्घाटनाचा खर्च त्यातून वजा केला, तर ही रक्कम आपल्या विद्यापीठांना झेपणार नाही इतकी मोठी नाही.